मी पेटलो नाही म्हणून

मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे. मित्रांनो, नावात लॅम्प असला तरी माझ्या उजेडात तुम्हाला एक अक्षरही वाचता येणार नाही. स्क्रूड्रायव्हरच्या पारदर्शक मुठीत बसवलेला एक चिमुकला बल्ब, पुढे सुई, मागे तीन हात लांब तार आणि तिच्या टोकाला चिमटा, एवढाच माझा देह. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि सुई तारेला टेकवायची. तारेत करंट असला की मी पेटतो, नसला की पेटत नाही. गाडीत बिघाड कुठे आहे, हे माझ्यावरून ठरते.

बीदरच्या नौबाद भागात अंकुशरावांचे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान आहे. त्यांनीच मला बावीस वर्षांपूर्वी एका मोडक्या स्कूटरच्या बल्बपासून बनवले. जीप, ट्रॅक्टर, रिक्षा, सगळ्यांची नस मी पाहिली. एखादा बिघाड सापडला की अंकुशराव मला कपाळाला लावत आणि गिऱ्हाइकाला सांगत, "माणूस लबाडी करंल, माझा दिवा करत न्हाई." ते ऐकून मी फुगत असे. आज ते वाक्य आठवले की मला लाज वाटते.

दुकानात ईरम्मा काम करायची. ती बीदरजवळच्या चिटगुप्पा गावची. घरात कन्नड बोलणारी, पण दुकानात अकरा वर्षे राहून अंकुशरावांसारखीच मराठी बोलायला लागलेली. तिचा हात फार साफ होता. तिने बांधलेल्या वायरिंगमध्ये एक तार दुसरीवर चढलेली दिसायची नाही. माझा चिमटाही तीच घासून ठेवायची. एकदा माझी तार मुठीतून बाहेर येते तिथे बोटाने दाबून ती म्हणाली, "अण्णा, हितं वायर मऊ लागायलीय. आत तुटली वाटतं. बदलू का?"

"चालायलाय की चांगला. कामून हात लावायलीस?" अंकुशराव म्हणाले.

तिचे खरे होते. आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटत होते, हे मला जाणवत होते. पण कौतुकाची सवय लागली होती. माझ्यात खोट आहे, हे मला स्वतःशीसुद्धा कबूल करायचे नव्हते.

मग ती गाडी आली. लाल रंगाची, दोनच सीटांची, उघड्या टपाची, साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बनलेली. निवृत्त अधिकारी रामाचार्यांनी ती तरुणपणी हैदराबादेत घेतली होती. त्यांचा मुलगा संकर्षण कॉलेजात शिकवायचा. त्याने गाडीला नवा रंग दिला आणि वायरिंगसाठी ती आमच्याकडे आणली. उंदरांनी जुन्या तारा कुरतडल्या होत्या. उरलेल्यांचे कापडी वेष्टन हात लावताच भुगा होत होते.

"वडलांना ऐंशी वर्षं होताहेत," संकर्षण म्हणाला. "त्या दिवशी आईला शेजारी बसवून त्यांना कोहिनूर गावी जायचंय. याच गाडीतून. परतताना अंधार पडेल, दिवे पक्के हवेत."

या गाडीची एक तऱ्हा होती. आपल्या गाड्यांत बॅटरीची मायनस बाजू पत्र्याला जोडलेली असते, हिच्यात प्लस. ईरम्माने ते खडूने भिंतीवर लिहून ठेवले आणि कामाला बसली. तपकिरी तार बॅटरीची, निळी पुढच्या दिव्यांची, काळी अर्थची, म्हणजे दिवा पत्र्याशी जोडून करंटची फेरी पुरी करणारी. जुन्या नकाशाप्रमाणे रंग जुळवत एकोणीस दिवस ती खपली. सगळ्या तारांवर तिने सुती पट्टी गुंडाळली. ती जुडी इतकी देखणी झाली की शेजारचे मिस्त्री पाहायला आले.

गाडी न्यायच्या दिवशी संकर्षण सकाळीच आला. ईरम्माने बटण दाबले. उजवा दिवा लागला. डावा लागला नाही.

अंकुशरावांनी मला उचलले. चिमटा इंजिनाला लावला. डाव्या दिव्याची निळी तार बॉनेटखाली जिथे येते तिथे त्यांनी सुई टेकवली आणि मी पेटलो. मग ते मला ओढत पुढे दिव्यापाशी घेऊन गेले. माझी तार ताणली गेली आणि आतले उरलेसुरले धागे एकमेकांपासून सुटले. त्यांनी सुई टेकवली. निळ्या तारेत करंट होता, मित्रांनो! भरपूर होता. पण मी पेटलो नाही.

"मधीच तुटलीय," अंकुशराव म्हणाले. "जोड कच्चा ऱ्हायला, ईरम्मा."

"मधी जोडच न्हाई, अण्णा. अख्खी वायर हाय. तुमचा हातातला दिवा एकदा बॅटरीवर लावून बघा."

शेजारचे मिस्त्री उभे होते. संकर्षण घड्याळ पाहत होता. अंकुशरावांचा चेहरा लाल झाला. "मला शिकवायलीस? बावीस वर्षांचा दिवा खोटा, अन् तू खरी व्हय?"

"अशा गाडीचं काम तुम्ही स्वतः करायला हवं होतं, अंकुशराव," संकर्षण म्हणाला.

अंकुशरावांनी कटर घेतला आणि एकोणीस दिवसांची ती जुडी सर्रकन चिरली. ईरम्माने हात पुसले, डबा पिशवीत घातला आणि ती बसस्टँडकडे निघून गेली.

जुडी चिरून झाली. निळी तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड निघाली. अंकुशरावांनी ती तार दोनदा बोटांतून सरकवून पाहिली. मग त्यांनी मला बॅटरीवर लावले. मी पेटलो नाही. माझी तार मुठीपाशी वाकवली, पेटलो. सोडली, विझलो.

खरा बिघाड पाच मिनिटांत सापडला. डाव्या दिव्याची काळी तार ज्या स्क्रूने पत्र्याला जोडली होती, तिथे संकर्षणने दिलेल्या नव्या रंगाचा जाड थर होता. करंटची वाट तिथेच अडली होती. अंकुशरावांनी रंग खरवडला आणि दिवा लख्ख लागला. चिरलेल्या जुडीला काळी टेप गुंडाळून त्यांनी गाडी दिली. "काय झालं होतं?" संकर्षणने विचारले. "झालं आता," एवढेच ते म्हणाले. रामाचार्य आणि त्यांच्या पत्नी सुशीलाबाई कोहिनूरला जाऊन सुखरूप परत आले.

महिन्याभराने चिटगुप्प्याचे भगवानराव जीप घेऊन आले. त्यांचे तिथे ट्रॅक्टरचे गॅरेज होते. बोलता बोलता म्हणाले, "तुमची ती ईरम्मा काम मागायला आलती. तुम्हीच चारचौघांत जोड कच्चा म्हणलाव, असं कानावर आलं. मग न्हाई म्हणून सांगितलं."

खरे सांगायची हीच वेळ होती. अंकुशरावांनी मान खाली घातली आणि स्क्रू आवळत राहिले. मी खिळ्यावर लटकत होतो. आम्ही दोघेही गप्प बसलो.

त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा तसाच परत नेला. दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता त्यांनी मला खिशात घातले. आधी ते संकर्षणच्या घरी गेले आणि रामाचार्यांसमोर म्हणाले, "तिचं काम पक्कं होतं. खोट माझ्या दिव्यात होती, अन् माझ्यात." मग त्यांनी चिटगुप्प्याची बस धरली.

ईरम्मा ओसरीवर तूर निवडत होती. अंकुशरावांनी मला तिच्यापुढे ठेवले. "तू म्हणलीस तेच खरं होतं, ईरम्मा. मला त्याच दिवशी कळलं होतं."

तिने मान वर केली. "त्याच दिवशी?"

"व्हय."

"मग महिनाभर कामून गप्प बसलाव, अण्णा?"

अंकुशरावांनी मला तिच्याकडे आणखी सरकवले. म्हणाले, "परत ये. हा दिवा तू ठेव."

"दिवा नगं मला. परतबी येत न्हाई. ज्या तोंडानं चारचौघांत कच्ची म्हणलाव, त्या तोंडानं भगवानरावांच्या गॅरेजात चारचौघांत खरं बोला. मग पाणी देते."

ते उठले आणि गेले. गॅरेजातल्या सगळ्यांसमोर ते बोलले. परत आल्यावर ईरम्माने त्यांना पाणी दिले. चहाचे मात्र विचारले नाही. पुढच्या सोमवारी ती भगवानरावांकडे कामाला लागली.

माझी तार आता नवी आहे. मी नीट पेटतो. पण मित्रांनो, मला कुणी शाबासकी देऊ नये असेच वाटते. कुणाला खोटे ठरवण्याआधी हातातला दिवा एकदा तपासा. आणि चूक तुमची निघाली, तर त्याच दिवशी, त्याच माणसांसमोर, तेवढ्याच मोठ्याने ती कबूल करा. आम्ही महिना लावला. तो महिना तिला आम्ही परत देऊ शकलो नाही.