गर्गे सरांचं बोट

स्नेहा पगारेच्या हातात आरएनए टिकत नाही, हे गर्गे सरांनी दोन वर्षांत सगळ्या विभागाकडून पाठ करून घेतलं होतं.

साल २०००. नाशिकच्या एका कॉलेजात ती सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. टोमॅटोवर सापडलेला एक विषाणू ती तंबाखूच्या रोपांना चोळायची. खालची पानं पिवळी पडून आकसायची, पण तीन आठवड्यांनी शेंड्याला फुटणारी पानं हिरवीगार असायची. कसलंही औषध न घालता रोप आपलं आपण बरं व्हायचं. ते कसं, हे तिला शोधायचं होतं. या विषाणूचं सगळं बळ त्याच्या आरएनएत, म्हणून पानांतला आरएनए काढून तपासायचा. तो भलताच नाजूक. कधी शाबूत निघे, कधी त्याचा भुगा झालेला असे. भुगा सगळ्यांचाच व्हायचा, बोलणी मात्र तिलाच बसायची.

“हात धुतेस ना, पगारे?” सर सगळ्यांदेखत विचारायचे. “का तुमच्या वसाहतीत पाणी येत नाही?”

नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीत तिचं घर होतं. “येतं सर, दोन्ही वेळा,” असं तिनं एकदा सांगून पाहिलं, तर सगळे आणखीच हसले. पुढच्याच सोमवारी सरांनी शुद्ध पाण्याची एक बाटली तिच्यासाठी वेगळी काढली आणि बाटलीवर लाल शाईनं तिचं नाव लिहिलं. “बाकीच्यांचं काम कशाला नासवायचं?” घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. वडील शाळामास्तर होते. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कॉलेजात येऊन उभे राहिले असते.

दिवाळीनंतर ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आठ दिवस जाऊन आली. येताना आरएनएच्या पट्ट्यांचा ठसा उमटलेली एक एक्स-रे फिल्म घेऊन आली; तिच्या एका कोपऱ्यात ओरखडा पडला होता. बऱ्या झालेल्या पानांत विषाणूचा आरएनए अखंड नव्हताच. त्याचे एकसारखे, अगदी बारीक तुकडे दिसत होते. निरोगी रोपात तसा एकही तुकडा नव्हता. परदेशात वर्षभरापूर्वी असंच काही सापडल्याचं तिनं वाचलं होतं. विभागाच्या बैठकीत तिनं फिल्म उजेडासमोर धरली.

“पेशी विषाणूचा आरएनए ओळखते आणि कापून टाकते, सर. हे तुकडे त्याचेच.”

“हे तुकडे तुझ्या हातांचे,” सर म्हणाले. फिल्म त्यांनी घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

स्नेहा खाली बसली नाही. “मग तपासून बघू, सर. मी, भिकनकाका आणि तुम्ही. तिघांनी हात धुवायचे आणि आरएनएच्या एकेका थेंबाला बोट लावायचं. चौथ्या थेंबाला कुणीच हात लावायचा नाही.”

भिकनकाका विभागातले शिपाई. ते सरांच्या तोंडाकडे बघत राहिले. सगळ्यांसमोर नाही म्हणणं सरांना जमेना. साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन त्यांनी बोट पुढे केलं.

चारही थेंब जेलीच्या वडीतून विजेनं सरकवले आणि दोन तासांनी जांभळ्या दिव्याखाली निकाल दिसला. न शिवलेल्या थेंबात शाबूत आरएनएचे दोन पट्टे लख्ख चमकत होते. बाकी तिन्ही जागी अंधार होता. स्नेहा आणि भिकनकाकांच्या जागी भुगा झालेल्या आरएनएचा पुसट धूर तरी होता, सरांच्या जागी तोही नव्हता.

“आरएनए तोडणारं विकर प्रत्येकाच्या कातडीवर असतं, सर,” ती म्हणाली. तिला आनंद लपवता येत नव्हता. “माणूस कुठलाही असो.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी ते कोण, हे वळून पाहिलं नाही. “छान प्रयोग होता,” एवढंच म्हणाले.

आठव्या दिवशी कॉलेजचं पत्र आलं. थेंबांत तिनं आधीच काहीतरी मिसळलं होतं, असा सरांचा आरोप होता. खाली साक्षीदार म्हणून भिकनकाकांची सही.

ते तिला सायकल स्टँडपाशी भेटले. “ताई, सही केली मी. बारा वर्षं झाली, अजून पर्मनंट नाय. त्यांच्या शेऱ्याशिवाय होत नाय.”

“मी काही मिसळलं होतं का, काका?”

“नाय,” ते म्हणाले.

चौकशी अर्ध्या दिवसात उरकली. तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. नांदगावच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवू लागली.

२००३ मध्ये एका नियतकालिकात गर्गे सरांचा लेख आला: बऱ्या होणाऱ्या पानांतले आरएनएचे तुकडे. फिल्म तीच होती. कोपऱ्यातला ओरखडासुद्धा तोच. तिचं नाव कुठेच नव्हतं. ती रजा टाकून नाशिकला गेली.

“तुझं काम आहे म्हणतेस, तर मूळ फिल्म दाखव,” सर शांतपणे म्हणाले. “आहे?”

“तुमच्या कपाटात आहे.”

“म्हणजे तुझ्याकडे नाही.” त्यांनी खडू उचलला. “माझा तास आहे.”

ती व्हरांड्यात उभी राहिली. रोप विषाणूला कसं कापून काढतं, ते आत सर शिकवत होते. चांगलं शिकवत होते. उदाहरणंही तिचीच होती, तिनं बैठकांमध्ये दिलेली. मुलं वहीत भरभर लिहून घेत होती. नांदगावची पावणेचारची एसटी गाठायची होती, म्हणून तास संपायच्या आत ती निघाली.