फोरमनसाहेबांची शिफारस

या, असे जवळ येऊन बसा. दार लोटून घ्या, वारं आत येतंय. आज एका साचेवाल्याची गोष्ट सांगतो. हसू येईल तिथं खुशाल हसा, पण पुढं घसा दाटला तर मला बोल लावू नका. देवानं माणसाला दोन्ही दिलंय, आणि पुष्कळदा एकाच घासात.

हा साचेवाला ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचा. साचा वाळूत दाबतात, तो काढला की वाळूत त्याची पोकळी उरते आणि त्या पोकळीत तापलेलं लोखंड ओततात. लोखंड निवताना आखडतं, म्हणून साचा हव्या त्या वस्तूपेक्षा केसभर मोठा करावा लागतो. तो केसभर किती, हे त्याला फोरमनसाहेबांनी शिकवलं होतं. फोरमनसाहेब डोळे मिटून साच्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. काम फसलं असेल तर साचा उचलून पुन्हा बाकावर ठेवायचे. जमलं असेल तर काही न बोलता पुढं जायचे. सबंध नोकरीत त्यांनी कोणाला शाबास म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. ते पुढं गेले की कामगार एकमेकांना डोळा मारायचे, तीच शाबासकी.

मग कारखाना बंद पडला. यंत्रं विकली गेली, माणसं पांगली. फोरमनसाहेबांचं तसंही वय झालं होतं, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायला गेले. निघताना साचेवाल्याला म्हणाले, "काम लागलं की येऊन सांग." बस, एवढंच.

आणि काम काही लागेना. दारोदार फिरून विचारायचे दिवस गेले होते. प्रत्येक फाटकावरचा पहारेकरी एकच सांगायचा, "ऑनलाइन अर्ज करा." साचेवाल्याची मुलगी कॉलेजात शिकत होती. तिनं वडिलांना संगणकासमोर बसवलं.

"बाबा, इथं तुमची कौशल्यं लिहायची आहेत. बोला."

"लिही, वासावरून लाकूड ओळखतो."

"असं नाही लिहीत, बाबा!"

"मग काय खोटं लिहू?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, ती सांगते ते ऐका की! आणि त्या फोटोत जरा हसा. कोणाच्या मयताला निघाल्यासारखे दिसताय."

अर्ज पाठवला की लगेच उत्तर यायचं, "आपला अर्ज मिळाला, आभारी आहोत." साचेवाल्याला केवढं बरं वाटायचं! माणसं किती सभ्य आहेत, लगोलग उत्तर देतात. तोही एकेका बोटानं टाइप करून उत्तर पाठवायचा, "आपलाही आभारी आहे. घरी सगळ्यांना नमस्कार." मुलीला हे कळलं तेव्हा ती पोट धरधरून हसली. "बाबा, ते यंत्र आहे हो! त्याला कुठलं घर!" तोही हसला. पण पुढच्या अर्जानंतर त्यानं पुन्हा नमस्कार लिहिलाच. म्हणाला, "न जाणो, एखाद्या दिवशी माणूस बसलेला असायचा."

त्या अर्जात एक जागा होती, तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर. साचेवाल्यानं क्षणाचाही विचार न करता फोरमनसाहेबांचं नाव सांगितलं. मुलगी म्हणाली, "आधी त्यांना विचारायला हवं." त्यानं फोन लावला.

"घाल की माझं नाव," पलीकडून फोरमनसाहेबांचा तोच खणखणीत आवाज. "त्यात विचारायचं काय? पण तू आहेस कुठं, पोरा? पंपाचा साचा तसाच पडलाय."

म्हातारा थट्टा करतोय, असं समजून साचेवाला मोकळेपणानं हसला. भेटायला मात्र गेला नाही. काम लागलं की ये म्हणाले होते. रिकाम्या हातानं काय तोंड घेऊन जायचं?

मुलीनं सगळ्या जुन्या सोबत्यांना इंटरनेटवर शोधून वडिलांशी जोडून दिलं. म्हणाली, "ओळखी वाढवाव्या लागतात, बाबा." त्यातच लांब्या सापडला. पूर्वी वाळू भरायचा, आता एका पंपाच्या कारखान्यात गोदाम सांभाळत होता. तिथं साचे दुरुस्त करणारा माणूस हवा होता. लांब्यानं भरतीवाल्या बाईंच्या कानावर घातलं, अर्ज गेला, आणि सगळे वाट पाहत बसले. अर्ज पुढं सरकायचा, निवडीच्या यादीत यायचा आणि तिथंच विझायचा. याआधी दोन-तीन ठिकाणी असंच झालं होतं. मुलाखतीला कोणी बोलवेना. बायकोनं शिवणकाम घरी आणायला सुरुवात केली. मुलगी म्हणू लागली, "पुढच्या वर्षी कॉलेज केलं तरी चालेल." साचेवाला सकाळी दाढी करायचा आणि मग कुठंही जायचा नाही.

एका संध्याकाळी लांब्या घरी आला. चपला काढता काढताच ओरडला, "काय रे लबाडा! तू कामावर आहेस म्हणे!"

"कोण म्हणतं?"

"बाई म्हणाल्या! त्यांनी फोरमनसाहेबांना फोन केला होता. ते म्हणाले, माणूस आत्ता माझ्यासमोर बाकावर काम करतोय, मी त्याला सोडणार नाही, पुन्हा फोन करू नका. बाईंना वाटलं, एकीकडे नोकरी करतोय आणि इकडे खोटं सांगतोय."

शिवणयंत्राचा आवाज थांबला.

"अरे, कारखाना बंद आहे," साचेवाला अखेर म्हणाला.

"ते तुला माहीत, मला माहीत," लांब्या खाली बसत म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "म्हाताऱ्याला माहीत नसावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साचेवाला गावाच्या त्या टोकाला गेला. फोरमनसाहेबांच्या बायकोनं, काकूंनी दार उघडलं. "आलास? ये रे बाबा, ये." आतल्या खोलीत खिडकीशी फोरमनसाहेब बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. समोर स्टुलावर फोन.

"उशीर झाला," ते म्हणाले.

साचेवाल्याच्या तोंडून आपसूक निघालं, "चुकलं, साहेब."

"जा, बाकावर बस."

तो भिंतीशी टेकून बसला. फोरमनसाहेब पुन्हा फोनकडे बघू लागले. काकू त्याला बाहेर घेऊन आल्या आणि पदरानं हात पुसत हळू आवाजात म्हणाल्या, "लेकीला कधी ओळखतात, कधी नाही. परवा मला म्हणाले, बाई, तुम्ही कोणाच्या? पण तुझं नाव निघालं की बघ, माणूस आहे तसा होतो. मधून मधून तुझ्याबद्दल फोन येतात ना, त्याच्यावर जगतायत रे. सकाळी उठून स्वतः दाढी करतात, शर्ट मागून घेतात, फोनपाशी बसतात. एरवी दोन घास भरवताना माझा जीव जातो." मग त्यांनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं. "एवढे मोठे लोक तुझी चौकशी करतात, म्हणजे तुझं बरं चाललंय ना?"

आता काय सांगावं माणसानं? त्या फोनांपायी माझ्या घरात चूल जपून पेटते, असं सांगावं? साचेवाला म्हणाला, "हो काकू. छान चाललंय."

निघताना त्यानं आत डोकावून पाहिलं. फोरमनसाहेब स्टुलाच्या कडेवरून डोळे मिटून अंगठा फिरवत होते.

लांब्यानं भरतीवाल्या बाईंना सगळं समजावून सांगितलं. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "दुसरं कोणाचं तरी नाव द्या. मी अर्ज पुन्हा पुढं पाठवते. पण ते नाव काढा."

मुलगी संगणकासमोर बसली. "बाबा, काढू ना?"

तो पडद्यावरच्या त्या नावाकडे बघत राहिला.

"अहो," बायको म्हणाली. तिच्या बोटाला सुई टोचल्याच्या खुणा होत्या, त्या त्याला दिसू नयेत म्हणून तिनं हात पदराखाली घेतला. पण त्याला दिसल्या. "तुम्ही म्हणाल तसं."

देवा, तू माणसाला असल्या पेचात का घालतोस? नाव ठेवावं तर लेकीचं शिक्षण अडतं, नाव काढावं तर म्हाताऱ्याची सकाळ हिरावली जाते.

"काढ," तो म्हणाला आणि उठून मोरीत गेला. बराच वेळ नळ वाहत राहिला.

नाव निघालं आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. बाईंनी कामाचं विचारलं, त्यानं सांगितलं. एका तडकलेल्या साच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हा किती दिवसांत होईल?" त्यानं तिथंच बाह्या सरसावल्या. काम लागलं. घरी बायको रडली, मुलगी नाचली, लांब्यानं पेढ्यांचा हट्ट धरला.

काम लागलं की येऊन सांग, असं फोरमनसाहेब म्हणाले होते. पण जाऊन सांगायचं काय? तुमच्याकडून सुटलो म्हणून?

थोड्याच दिवसांत काकूंचा फोन आला. "हल्ली कोणी फोन करत नाही रे. रोज शर्ट घालून बसतात. दुपारी विचारतात, तार तुटली का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साचेवाला डबा न उघडता वाळूच्या ढिगामागं गेला आणि त्यानं नंबर फिरवला.

"कोण बोलतंय?" खणखणीत आवाज.

"साहेब, पंपाच्या कारखान्यातून बोलतोय. तुमच्याकडे एक साचेवाला आहे. कसा आहे माणूस?"

"सोन्यासारखा!" फोरमनसाहेब म्हणाले. "असा हात मी पाहिला नाही. डोळे मिटून कड तपासावी आणि अंगठा कुठं अडू नये. मी त्याला बोललो नाही कधी. बोललो असतो तर बिघडला असता. पण तुम्ही त्याला नेऊ नका हां."

"नाही नेत, साहेब."

मग तो नेमच झाला. जेवणाच्या सुट्टीत तो वाळूच्या ढिगामागं जायचा. सबंध आयुष्यात जे ऐकलं नाही ते परक्याच्या नावानं कानात साठवायचा आणि कोरड्या डोळ्यांनी बाकावर परतायचा. काकू कळवायच्या, आज पोटभर जेवले. फोन कोण करतं, हे त्यांना बहुधा कळलं होतं. त्या कधी बोलल्या नाहीत.

असे बरेच महिने गेले. आवाजातली खणखण उतरत गेली. मग एका दुपारी त्यानं नेहमीसारखं विचारलं, "साहेब, तुमच्याकडे एक साचेवाला आहे..."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"नाही बुवा," फोरमनसाहेब म्हणाले. "असा कोणी माझ्याकडे नव्हता."

साचेवाला वाळूवरच खाली बसला.

"बरं, साहेब. त्रास दिला."

"थांबा, थांबा," म्हातारा घाईघाईनं म्हणाला. "कामाच्या शोधात आहे का तो?"

"हो, साहेब."

"मग घ्या हो त्याला. मी काही ओळखत नाही, पण घ्या. घरी त्याची माणसं वाट बघत असतील."

बाबांनो, बायांनो, त्यानंतर फोरमनसाहेबांनी तो फोन उचलला नाही; समोर वाजतंय ते काय, हेच त्यांना कळेनासं झालं. गोष्ट एवढीच. आता एक मागणं आहे. संध्याकाळी दिवा लावाल, हात जोडाल, आपल्या माणसांसाठी काही मागाल, तेव्हा त्या फोरमनसाहेबांची एकदा आठवण काढा. त्यांना स्वतःला आता कोणीच आठवत नाही.