चार बॅटऱ्यांची बारी

दादाभाऊने लाइनच्या चार्जरचा चिमटा हिसडून काढला, तशी बॅटरीवर ठिणगी उडाली. सोपानने थोरल्या भावाचं मानगूट धरलं आणि त्याला माजघराच्या भिंतीवर आदळलं. फळीवरचे डबे खाली आले.

"आज माझी बारी हाय," दादाभाऊ ओठाचं रक्त पुसत म्हणाला. "आज ऊन. तुझी लाइन उद्या."

वाटण्या झाल्या तेव्हा चार बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर तेवढा सामाईक राहिला. मग विहिरीच्या पाण्यासारखी त्यांचीही बारी लागली. एक दिवस थोरल्याने आपल्या सोलरवर भरायच्या आणि वापरायच्या, दुसऱ्या दिवशी धाकट्याने लाइनवर. पण मढकड गावावरचं आभाळ आठवडाभर उघडलं नव्हतं, आणि भारनियमनातून आलेली लाइन बल्बची तार तांबडी करण्यापुरती. एकट्या उन्हावर इन्व्हर्टर उठेना, आणि तो उठल्याशिवाय वाफेचं मशीन चालेना. म्हणून सोपानच्या बायकोने, नूतननेच, बारी नसताना उन्हाच्या जोडीला लाइनचाही चिमटा जोडला होता. तिच्या खांद्यावर तान्ह्या लेकीचा, समृद्धीचा, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दर श्वासाला इवल्या बरगड्यांत खड्डा पडत होता.

"दादा, पोरगी बघा ना..."

"पोरीच्या आडून बॅटऱ्या भरून घेती व्हय?"

सोपानने लोखंडी पाना उचलून दादाभाऊच्या खांद्यावर घातला. हाड वाजलं. दादाभाऊने त्याला कमरेत मिठी घालून अंगणात फरफटत नेलं. चिखलात दोघं एकमेकांचे गळे आवळू लागले.

थोरली जाऊ, सोनीबाई, उंबऱ्यात उभी होती. तिने पोरीचे ओठ पाहिले. निळे पडत होते. आत येऊन तिने दाराला अडसर घातला.

"लाव."

"आक्का, बारी तुमची हाय."

"माझीच हाय ना? मग मी म्हणते, लाव."

नूतनने चिमटा लावला. जरा वेळाने इन्व्हर्टर उठला, मशीन घरघरलं. समृद्धीच्या नाकातोंडावर वाफ साचली.

बाहेर एकदम शांत झालं. मग दारावर लाथ बसली.

"सोने, दार उघड. आता बायका बारी ठरवणार व्हय?"

"नूतन, मला भाईर कोंडतीस?"

लाथा आधी आगेमागे पडत होत्या. हळूहळू त्या एका तालात पडू लागल्या.

"तू वरनं रेट, दादा," सोपानचा आवाज आला. "मी खालनं घेतो."

सोनीबाई दाराला पाठ लावून बसली आणि तिने टाचा जमिनीत रोवल्या.

"किती येळ लागंल?"

"श्वास खाली बसंस्तवर."

"घे येळ," ती म्हणाली. दार हादरत होतं, आणि प्रत्येक लाथेसरशी तिचं डोकं फळीवर आपटत होतं.