रांजीच्या मुळाची बासरी

मित्रांनो, मी एक बासरी आहे, पण आडवी धरायची नव्हे. मला हनुवटीशी उभी धरतात आणि वरच्या तिरप्या कडेवर फुंकतात. ही तऱ्हा जपानची. मी मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडच्या जंगलातली, अस्सल गावठी. माझं बूड जाड आहे, त्यावर मुळ्यांच्या खुणा आहेत, आणि माझं दुखणं तिथंच आहे.

मला घडवणारा इसरू चंद्रपूरला गोल बाजारात सायकली दुरुस्त करतो. मोबाइलवर त्यानं जपानी बासरी पाहिली आणि ध्यासच घेतला. तिला बांबूचं बूड मुळासकट लागतं. आमच्या गावात बांबू जमिनीच्या वर कापतात, मूळ कोणी काढत नाही. बांबूच्या बेटाला आम्ही रांजी म्हणतो. पावसाळ्यात तिच्या मुळांतून कोवळे कोंब फुटतात, ते वास्ते. इसरूची माय मंगली ते खुडून गोल बाजारात विकायला आणते. हे सगळं ठाऊक असून पठ्ठ्यानं मागच्या हिवाळ्यात गुपचूप रांजीची कड खणली. एकच तर काढतो, म्हणाला. मी निघाले ती आजूबाजूच्या मुळ्या तोडूनच.

सुकल्यावर तापल्या सळीनं त्यानं माझ्या पेरांतले पडदे फोडले, भोकं पाडली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की इसरू दुकानापुढे मला वाजवायचा. भाजीवाल्या तराजू हातात धरून थांबत. मी फुशारून जायची, खोटं कशाला सांगू?

पावसाळा लागला. तुटल्या मुळ्यांना कोंब फुटेनात, मंगलीची टोपली अर्धीही भरेना. मग ती येईनाशीच झाली.

"तुही माय काऊन नाई येऊन राह्यली?" शेजारची भाजीवाली सुकरी विचारायची. इसरू खाली मान घालून चाक फिरवत राही. त्यानंतर तो मला वाजवी, पण मला माझाच सूर टोचायचा.

अशात कॉलेजातली दिव्यानी आली. "दादा, आमच्या गाण्याच्या ग्रुपले अशाच बासऱ्या पाहिजे. मुळाच्याच."

"पाहतो," इसरू म्हणाला. सुटीच्या दिवशी मला पिशवीत टाकून, सब्बल, म्हणजे खणायची पहार, घेऊन तो गावी निघाला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता माझ्यापायी अख्खी रांजी जाणार होती.

रांजीपाशी मंगली चिखलात हातानं वास्ते चाचपत बसली होती. इसरू चुळबुळत म्हणाला, "माय, हे कड मीच खोदलो."

"मले माहीत हाय. खड्डा मीच बुजवली. गावानं तुले बोल लावला असता." मग तिची नजर सब्बलीवर गेली. ती पदराला हात पुसून म्हणाली, "वाजव बरं, आयकू दे."

इसरूनं मला पिशवीतून काढून ओठांशी धरलं. मग वाजवलं.

"चांगली वाजते," मंगली म्हणाली आणि पुन्हा चिखलात हात घातला.

आजवर पुष्कळ कौतुक झालं माझं. हे एक मला सोसलं नाही. इसरूनं सब्बल तशीच परत नेली आणि दिव्यानीला नाही म्हणून सांगितलं.

मित्रांनो, बाजारात कधी माझा सूर कानी पडला तर घटकाभर जरूर थांबा. फक्त माझ्यासारखी दुसरी मागू नका.