गुळाच्या पेटीची किल्ली

चांगुणाच्या कमरेला एकच किल्ली होती, आणि ती घराची नव्हती. घर उघडंच असायचं. अंतरवाली सराटीत तेव्हा दिवसाढवळ्या दाराला कुलूप घालणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर मनात पाप असलेला. किल्ली होती पत्र्याच्या पेटीची, आणि पेटीत होती गुळाची ढेप.

आल्यागेल्याला पाण्याच्या तांब्याबरोबर गुळाचा खडा द्यायची रीत मोडता येत नव्हती, म्हणून गूळ घरात ठेवणं भाग. आणि घरात पुंजाराम होता, म्हणून तो कुलपात ठेवणं भाग.

पुंजाराम तिचा पाठचा भाऊ. आईबाप गेलेले. नवरा गेल्यावर चांगुणा पांढरं कपाळ घेऊन माहेरी आली ती याच भावाच्या आधाराला, आणि बघते तर आधारच वाळत चाललेला. घागरीनं पाणी प्यायचा, रात्रीतून कितींदा उठायचा, दोघांचं जेवायचा आणि तरी हाडाला कातडं चिकटलेलं. बाहेर लघवीला बसला की त्या जागी मुंग्यांची रांग लागायची. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं, अंगात साखर जिरवणारा रस असतो, तो या पोराच्या पोटात तयारच होत नाही. तो बाहेरून सुईनं घालायचा, जन्मभर. आणि गूळ-साखर याला विष.

विष हा शब्द चांगुणानं पदराला गाठ मारून गावी आणला.

रांजणाखालच्या ओल्या वाळूत तिनं एक बुटकुलं पुरलं. त्यात इन्सुलिनची बाटली गार राहायची. सुई टोचायला ती आधी वांग्यावर शिकली. पुंजाराम ताटात बघून विचारायचा, "आक्का, आज वांग्याला बी औषिध पोचलं का?" ती हसू दाबून काचेची पिचकारी उकळत ठेवायची. सकाळी त्याच्या मांडीचं कातडं चिमटीत धरून सुई, आणि लगेच चुलीवर तवा. सुईमागं भाकर, हा नेम. तवा तापेस्तोवर ती शेजारी जात्यावर उरलेले मूठभर दाणे दळायची आणि गायची:

*नको साखर गुळाची, नको मधाची ग वाटी,*
*भाऊराया माझा बोले, गोडी राहते ग ओठी.*

"गाण्यात बी गूळच," भाऊ म्हणायचा. "मला द्यायला तेवढा न्हाई."

चोर तो लहानपणापासूनचा. तेव्हा आईचा डोळा चुकवून त्याच्या मुठीत खडा कोंबणारी चांगुणाच होती. आता तिनं पेटीला कुलूप घातलं, तर यानं एकदा खिळ्यानं ते उघडलं. एकदा शेजारणीकडं पाहुणा होऊन बसला आणि गूळ-पाणी घेऊन आला. आणि पोळ्याच्या दिवशी तर अंगणात आडवाच पडला. डोळे फिरवले, हातपाय झाडले, म्हणाला चक्कर आली, गूळ दे. तिच्या जिवाचं पाणी झालं. घाईघाईत पेटी उघडली, खडा त्याच्या ओठाला लावला, आणि तो तोंडात टाकून गडी हसत गोठ्याकडं पळाला. ती दिवसभर बोलली नाही त्याच्याशी.

पुढच्या वेळी दवाखान्यात तो भावकीतल्या कडूबाला घेऊन गेला. वेचणीला आलेला कापूस टाकून चांगुणाला निघता येईना. परत आल्यावर जेवताना त्यानं सांगितलं, डॉक्टरानं नवीनच काढलं. सुई घेऊन भाकर चुकली तर अंगातली साखर उतरती. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस येड्यावानी बोलतो. मंग जल्दी गूळ खायाचा.

चांगुणानं भाकर थापता थापता त्याच्याकडं बघितलं. "ज्या डॉक्टरनं विष म्हणलं, तोच आता गूळ चार म्हणतो व्हय?"

"आईची शपथ, आक्का."

"पोळ्याला बी आईचीच घेतल्ती."

तो हसला. ती हसली. इथंच सगळं राहिलं. कडूबाला विचारायचंसुद्धा तिच्या मनात आलं नाही.

पौष सरत आला होता. सकाळी सुई झाली, तवा तापला, पीठ मळून झालं, आणि बाहेरून सांगावा आला की सर्जेराव गेले. भावकीतलं थोरलं माणूस, सख्ख्या चुलत्याच्या जागी. मयत दारात असेपर्यंत भावकीत चूल पेटत नाही, कुणाच्या तोंडात घास जात नाही. चांगुणानं जळत्या लाकडांवर पाणी ओतलं. पीठ परातीखाली झाकलं. सुई होऊन गेली आहे, हे तिला ठाऊक होतं. पण एक दिवस भाकर उशिरा खाल्ल्यानं काय होतंय, असंच तिला वाटलं. कमी खाल्लेलं या दुखण्याला बरंच, असंही वाटलं.

सर्जेरावांची लेक मंठ्याहून यायची होती, म्हणून मयत खोळंबलं. पुंजाराम बांबू तोडायला गेला, तिरडी बांधायला बसला. ऊन चढलं तसा तो सुतळीची गाठ मारीना, नुसता हातात धरून बसला. मग एकाएकी हसला. मयताच्या दारात, बायांच्या रडण्यात, मोठ्यानं. भावकीतल्या जाणत्या अण्णासाहेबांनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं, तोंड हुंगलं, आणि चांगुणाला बोलावून सांगितलं की याला घरी ने, चार माणसांत इज्जत घालवून राह्यला.

वाटेत त्याचा दंड तिच्या हातातून निसटत होता, इतका घाम. घरात आल्यावर तो पेटीपुढं बसला.

"आक्का, गूळ दे."

तिला पोळा आठवला. लाजेनं तिचं तोंड आधीच तापलं होतं.

"चुलता दारात पडलाय, पुंजा. आज तरी सोंग नको."

"सोंग न्हाई. दे."

त्यानं तिच्या कमरेकडं हात नेला. हात थरथरत होता. तिनं तो झटकला. हात पुन्हा आला नाही. पुंजाराम भिंतीशी कलंडला, काहीतरी पुटपुटला आणि गप झाला. झोप लागली म्हणून तिला बरंच वाटलं. तिनं त्याच्या अंगावर वाकळ घातली, कड खोचली, आणि ती रडणाऱ्या बायांत जाऊन बसली. रडताना तिचा एक हात किल्लीवर होता.

उन्हं कलली तेव्हा मयत उठलं. आंघोळ करून तिनं चूल पेटवली, पहिली भाकर टाकली आणि भावाला हाक मारली. भाकर करपली तरी तो उठला नाही.

कडूबानं गाडी जुंपली. पुंजारामचं डोकं मांडीवर घेऊन ती अंबडला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. चांगुणानं देवाला हात जोडले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, गुळाचा एक खडा का दिला नाही, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलं व्हतं."

पुंजाराम घरी आला, पण उघडलेल्या डोळ्यांत तो पुरता आला नाही. हाताला धरलं तर चालतो, घास दिला तर खातो. बोलणं आत कुठंतरी राहून गेलं. सुई अजून रोज आहे, फक्त आता भाकर आधी टोपल्यात पडते आणि मग सुई. दोन वर्षांनी भावकीत पुन्हा मयत झाली, तेव्हा आळीत एकाच घरातून धूर निघत होता. नावं ठेवली लोकांनी. अण्णासाहेब काठी टेकत दारापर्यंत आले, चुलीपुढं बसलेल्या पुंजारामकडं बघितलं आणि माघारी गेले.

पेटीला आता कुलूप नाही. झाकणसुद्धा चांगुणा मुद्दाम अर्धवट ठेवते आणि रानात जाते. वाटेनं मनात म्हणते, चोर रे बाबा, एकदा चोर, मी बघणार न्हाई. येऊन बघते तर पुंजाराम तिथंच पेटीशेजारी बसलेला असतो. ढेपेला मुंग्या लागलेल्या असतात, आणि तो त्यांच्याकडं बघत असतो.