तात्याबाच्या मापाचा सदरा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि आता दमले आहे. पायडल दाबलं की माझे सांधे कुरकुरतात, पट्टा मधूनच निसटतो. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीटसं आठवत नाही. आठवतो तो तुरुंगाचा दरवाजा. नवी कोरी होते तेव्हाच मला तिथल्या शिवणखात्यात आणून ठेवलं आणि माझी सगळी उमेद तिथंच खर्ची पडली.

किती पाय माझ्या पायडलवर आले आणि गेले! कुणी रागारागानं पाय मारायचा, कुणी टाके घालता घालता मुसमुसायचा. मी कुणाला विचारलं नाही की बाबा, तू काय केलंस? ते विचारणारे दुसरे होते. मी आपली टाके घालत राहिले. एकदा पाहणीला आलेल्या साहेबांनी माझी शिलाई बोटानं चाचपली आणि 'वा' म्हणाले. तेवढ्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली.

मग माझ्यापुढं नाथाजी येऊन बसला. रहिमतपूरकडचा शेतकरी गडी. उसाला पाणी पाजायच्या पाळीवरून शेजारच्या तात्याबाशी त्याची जुंपली, आणि रागाच्या भरात नाथाजीनं हातातलं खोरं त्याच्या खांद्यावर घातलं. तात्याबा वाचला, पण त्याचा डावा हात कायमचा लुळा पडला. हे नाथाजी मला रोज सांगायचा. दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं आणि मला उठून जाता येत नव्हतं. पण हात चांगला होता हो त्याचा. सुरुवातीला सुया मोडल्या, पुढं डोळे मिटून कैद्यांचे सदरे शिवायला लागला.

काही वर्षांनी विजेवरच्या मशिनी आल्या आणि आमचा लिलाव झाला. सांगलीच्या जिनदत्त नावाच्या कापड व्यापाऱ्यानं मला घेतलं आणि गोदामात ठेवून दिलं. धूळ खात पडले. तेल द्यायचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

एक दिवस नाथाजीच दारात उभा! सुटून आला होता, काम मागत होता. तुरुंगात कापड पुरवताना जिनदत्तशेठनं त्याचं काम पाहिलं होतं. ते म्हणाले, "दुकानात तुला ठेवला तर गिऱ्हाईक बुजंल, नाथाजी. ही मशीन पडून हाय, ती घिऊन जा. गावातच बस." मनाचा चांगला माणूस, पण त्यालाही दुकान चालवायचं होतं.

गावात घराच्या सोप्यात नाथाजीनं मला मांडलं, पुसलं, तेल दिलं. कुणी फिरकेना. माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जात. शेवटी फौजेतून निवृत्त झालेले भाऊसो आले आणि पांढरं कापड टाकून म्हणाले, "एक सदरा शिव रं. बघू तरी."

मित्रांनो, नाथाजीनं त्या सदऱ्यावर जीव टाकला. अशी सरळ शिलाई मी जन्मात घातली नव्हती. भाऊसोंनी पारावर चार माणसांत सदरा अंगात घातला, चष्मा ठेवायला छातीवर हात नेला, आणि हात तिथंच राहिला. "खिसा कुठं हाय रं?"

तुरुंगातल्या सदऱ्याला खिसा नसायचा. एवढी वर्षं हाताला तेच वळण पडलेलं, नाथाजीला खिशाची आठवणच झाली नाही. आणि मला? मलाही नाही. सगळा पार हसला. "जेलातला सदरा शिवला की ह्यानं भाऊसोला!" भाऊसो हसले नाहीत, पण सदरा घडी करून परत देऊन गेले.

त्यानंतर नाथाजी माझ्याकडं बघेना. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पुण्याला जायचं, जिथं कुणी ओळखत नाही तिथं हमाली करायची, असं त्यानं ठरवलं. पिशवी भरून दारात ठेवली.

तेव्हाच लीलाबाई सोप्यावर चढल्या. तात्याबाची बायको. पाठोपाठ खाली बघत तात्याबा. मला वाटलं, आता भांडण.

"ह्यांचा हात वर हुत न्हाई," लीलाबाई म्हणाल्या. "रोज सकाळी मी सदरा घालायचा, रोज रात्री मी काढायचा. आता माझंबी खांदं दुखत्यात. मोडलास तू, तर शिवबी तूच."

नाथाजीच्या तोंडून एवढंच निघालं, "व्हय वहिनी."

त्यानं टेप घेतला. त्या खांद्याचं माप घेताना टेप दोनदा त्याच्या हातून खाली पडला. तात्याबा भिंतीकडं तोंड करून उभा होता. मी एवढे टाके घातले, पण इतकी भ्यायले कधी नव्हते.

सदरा झाला तो असा : डावी बाजू गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उघडी, आणि तिला टिचबटणं. हात वर करायलाच नको. तात्याबानं तो लुळ्या हातावर पांघरला आणि उजव्या हातानं एकेक बटण दाबत गेला. टिच, टिच, टिच. लीलाबाई मदतीला पुढं झाल्या, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं.

मग पहिल्यांदा तो नाथाजीकडं बघून बोलला. "मी तुला माफ केलेलं न्हाई."

"व्हय, तात्या."

"पर आनि एक शिव. ह्यो धुवायला टाकल्यावर काय उघडा बसू?"

नाथाजी ढसाढसा रडला. पुण्याचं जाणं राहिलं.

मित्रांनो, मी लोखंडाची, मला फार कळतं असं नाही. माझ्यासारख्या जुन्या मशिनीला थेंबभर तेल देत जा, ही माझी विनंती. आणि तुमच्या गावात कुणी शिक्षा भोगून परत आला, तर त्याला नुसती कीव नको, काम सांगा. काम चुकलं तर उसवून पुन्हा करून घ्या, पण कापड उचलून घरी जाऊ नका. बास, जास्त बोलवत नाही आता. तात्याबाचा दुसरा सदरा बेतून झालाय, मला कामाला लागायला हवं.