कापडाच्या घराचं दार

स्पार्टाचं सैन्य चालून आलं, तशी गावोगावची माणसं अथेन्सच्या तटाआड राहायला आली. कुणी मडकी आणली, कुणी शेळ्या. अफिद्ना गावच्या फिलिन्नाने घराचं दार आणलं, चौकट-उंबऱ्यासकट.

बंदराच्या वाटेवर, दोन तटांच्या मधे, तिचं नि नवऱ्याचं खोपट होतं. तीन बाजूंना जुन्या शिडाचं कापड आणि चौथीला ओकचं भक्कम दार. रोज सकाळी ती उंबरा धुवायची, तेलाचे दोन थेंब सोडायची आणि दाराची राखण करणाऱ्या हेकाटी देवीला म्हणायची, "आई, हे दार पुन्हा अफिद्नालाच लागू दे."

तिचा नवरा कोमियास. जन्मात समुद्र न पाहिलेला हा शेतकरी आता लढाऊ जहाजावर वल्हं मारायचा आणि खारे मासे मिटक्या मारत खायचा.

"गावात काय ठेवलंय? गहू जहाजातून येतो, कांदे जहाजातून येतात."

"मग थोडी अक्कलही मागवून घ्या," फिलिन्ना हळूच म्हणाली.

"ऐक. गोदीत जहाजांच्या बाकांना लाकूड कमी पडतंय. सिमाकोस सुताराला आपलं दार देतो म्हटलंय मी. उद्या येईल."

फिलिन्नाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. दार गेलं की गाव गेलंच. भांडणं तिला जमत नसत. दुसऱ्या दिवशी तिने नेमाने उंबरा धुतला, तेल सोडलं आणि आतून अडसर घातला.

दुपारी दोघे आले. कोमियासने दार वाजवलं. मग धडाधडा वाजवलं.

"अगं, उघड!"

अडसर हलला नाही.

शेजारची लिसिल्ला शहरातलीच. ती हसून म्हणाली, "अहो कोमियासदादा, बाजूचं कापड उचला की! तुमची शेळीसुद्धा तिथूनच जाते."

"खरंच की," म्हणत सिमाकोसने कापडाला हात घातला.

"हात काढ!" कोमियास ओरडला. "दार असताना कापडाखालून शिरायला तू काय चोर आहेस?"

"अरे, तेच दार तर न्यायला आलोय!"

कोमियासने दाराकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं. डोकं खाजवलं.

"दुसरं लाकूड बघ बाबा. हे आमच्या घराला लागतं."

"कुठल्या घराला?"

"अफिद्नाच्या!"

खोपटांची सारी ओळ खो खो हसली. सुतार पुटपुटत निघून गेला. कोमियासने पुन्हा दार वाजवलं, या वेळी अगदी हलक्या हाताने.

"उघड गं. मासे आणलेत."

अडसर सरकल्याचा आवाज आला.

"आधी पाय धुवा," आतून फिलिन्ना म्हणाली. "उंबरा आत्ताच धुतलाय."